काटकसर कोणाच्या जिवावर?

काटकसर हा सद्गुण आहे, याविषयी आपल्या समाजात फारसा मतभेद नाही. ताटात टाकू नये, दिवा उगाच जळत ठेवू नये, अंथरूण पाहून पाय पसरावे, हे संस्कार आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगी लहानपणीच मुरलेले असतात. अपरिग्रहाकडेही आपण ह्याच संस्काराची पुढची पायरी म्हणून पाहतो. जो कमी वस्तूंत आणि कमी पैशांत राहतो, तो आपोआपच अधिक नीतीने राहतो, असे फारसा विचार न करता धरून चालतो. आम्हीही तसेच धरून चाललो होतो. एका लहानशा बेटावर काढलेल्या एका आठवड्याने ह्या समजुतीला धक्का दिला. प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्या प्रसंगातून प्रश्न उभा राहिला तो सांगितल्यावाचून प्रश्नाची धार कळणार नाही, म्हणून तेवढा सांगतो.

आम्ही तिघे मित्र, तिघेही पन्नाशी ओलांडलेले, एका मार्च महिन्यात अंदमानातील शहीद द्वीप ह्या बेटावर सात दिवस राहिलो. 1857च्या उठावात अलाहाबाद आणि कानपूर येथे केलेल्या क्रौर्यामुळे कुप्रसिद्ध झालेल्या नील नावाच्या इंग्रज सेनाधिकाऱ्याचे नाव ह्या बेटाला होते. ते 2018 साली बदलण्यात आले. राजधानीच्या बंदरातून, म्हणजे 2024पर्यंत जिला पोर्ट ब्लेअर म्हणत त्या श्रीविजयपुरमहून, सरकारी बोटीने सुमारे दोन तासांत तेथे पोचता येते. बेट एवढे लहान की पायी हिंडून संपावे. 2011च्या जनगणनेत तेथली वस्ती तीन हजारांच्या आसपास होती. 1960नंतरच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून निर्वासित झालेली बंगाली कुटुंबे सरकारने येथे आणून वसवली. जंगल तोडून त्यांनी जमीन लागवडीखाली आणली, आणि आज येथला भाजीपाला बोटीने राजधानीच्या बाजारात जातो. गावांची नावे वाचून आम्हांला मोठा आनंद झाला: रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. घरदार सोडावे लागलेल्या माणसांच्या बेटावर वनवासाच्या कथेतली ही नावे फार शोभून दिसतात.

आमचा संकल्प असा होता की, हा आठवडा अगदी साधेपणाने काढावयाचा. प्रत्येकाच्या पाठीवर एक सॅक, तिच्यात कपड्यांचे दोन जोड, एक चादर, एक पंचा. भाड्याची मोटार नाही, वातानुकूलित खोली नाही. रोजचा खर्च लिहिण्यासाठी एक हिशेबाची वही मात्र घेतली होती. सीतापूरच्या रस्त्यावर एका वृद्ध बंगाली बाईच्या घरामागे, सुपारीच्या झाडांत, बांबूची एक खोप भाड्याने मिळत होती. तिघांना मिळून एका रात्रीचे सहाशे रुपये, असे तिने सांगितले. आम्ही सात दिवस राहणार, शिवाय खोप रिकामीच आहे, असे म्हणून साडेचारशे देऊ केले. ती क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली आणि मग मान हलवून तिने कडी काढली. आम्ही तिला मासी म्हणू लागलो. मासी म्हणजे आपली मावशी.

पहिले दोन दिवस आमच्या समाधानाला पारावार नव्हता. अंदमान पूर्वेला फार दूर असूनही तेथली घड्याळे आपल्याच वेळेवर चालतात, त्यामुळे पहाटे पाचच्या सुमारास उजाडे आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास अंधार पडू लागे. उजाडताच समुद्रावर जावे, दुपारी मासीच्या हातचा भात आणि माशांचे कालवण जेवावे, पुन्हा समुद्रावर जावे, आणि रात्री कंदिलाएवढ्या उजेडात वही उघडून किती कमी खर्च झाला ते लिहावे. आकडा जितका लहान, तितका आमचा आनंद मोठा. आपल्याला किती थोडे लागते, असे एकमेकांना सांगत आम्ही झोपत असू. ऋषींच्या आश्रमाचीही उपमा त्या खोपीला देऊन झाली होती, हे आज लिहिताना संकोच वाटतो.

तिसऱ्या दिवशी पहाटे जरा लवकर जाग आली. अजून पुरते उजाडले नव्हते. रस्त्याच्या बाजूने मासी आणि तिची सून पाण्याने भरलेले डबे घेऊन येत होत्या. त्यांनी ते खोपीमागच्या पिंपात ओतले आणि त्या परत गेल्या. अशा त्यांच्या चार खेपा आम्ही पाहिल्या. चौकशी करता समजले की, घरामागे विहीर आहे, परंतु मार्चमध्ये तिचे पाणी मचूळ होते, म्हणून गोडे पाणी शेजारच्या वाडीतल्या विहिरीवरून आणावे लागते. बेटाचा हा धर्मच आहे. पावसाळ्यात अंदमानात धो धो पाऊस पडतो. पण लहान बेटावर जमिनीत मुरलेले गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर एखाद्या पातळ सायीसारखे तरंगत असते. कोरड्या महिन्यांत त्याचा उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर सरकते. आम्ही मात्र समुद्रावरून आलो की प्रत्येक वेळी स्नान करीत होतो. तिघे जण, दिवसातून तीन तीन वेळा. खोपीच्या साडेचारशे रुपयांत पाणी आलेच, अशी आमची समजूत होती. आम्ही ओशाळून मासीजवळ विषय काढला, तेव्हा तिने तक्रार केली नाही. "समुद्रावरून येता, तर अंगाचा खार धुवायलाच हवा," एवढेच ती हिंदीत म्हणाली आणि भांडी घासू लागली. भांडी ती मचूळ पाण्याने घाशीत होती, आणि शेवटी लोटाभर गोड्या पाण्याने विसळीत होती.

त्या रात्री वही उघडली, पण आकडे लिहिवेनात. रोजचे दीडशे रुपये वाचवले होते. सात दिवसांचे एक हजार पन्नास. तिघांत वाटले तर माणशी दिवसाला पन्नास रुपये. ह्याच प्रवासासाठी विमानाची तिकिटे काढताना जेवढा आकडा दिसला तेवढा आम्ही मुकाट्याने भरला होता. विमानाच्या कंपनीशी घासाघीस करण्याचे आमच्या मनातही आले नव्हते, कारण तेथे आमचे काही चालले नसते. जेथे आमचे चालले तेथे आम्ही चालवले. म्हणजे जिला आमच्याहून कमी ऐपत होती, नेमक्या तिच्याशीच आम्ही काटकसरीने वागलो होतो. ही गोष्ट वहीत स्पष्ट दिसत होती, आणि ती पाहावयाला आम्हांला तीन दिवस लागले.

येथून खरा प्रश्न सुरू होतो. कमी खर्चात राहणे ह्यात नीती आहे की नाही? आणि असेल, तर ती कोणत्या अटीवर?

बेटावर येण्यापूर्वी आम्ही सेल्युलर जेल पाहून आलो होतो. 1906 साली पूर्ण झालेल्या त्या तुरुंगातल्या कोठड्या पाहून बाहेर पडताना मराठी माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही. विनायक दामोदर सावरकर 1911पासून 1921पर्यंत तेथे होते. त्यांचे वडीलबंधू बाबाराव त्यांच्याही आधीपासून होते. त्या कोठडीतही वस्तू थोड्याच होत्या. मासीच्या पिढीची माणसे निर्वासित होऊन ह्या बेटावर उतरली, तेव्हा त्यांच्याजवळही वस्तू थोड्याच होत्या. आणि आमच्या सॅकमध्येही वस्तू थोड्याच होत्या. बाहेरून पाहिले तर तिन्ही ठिकाणी अल्पसंग्रह आहे. परंतु पहिला सत्तेने लादलेला, दुसरा देशाच्या फाळणीने लादलेला, आणि तिसरा आम्ही हौसेने सात दिवसांपुरता पत्करलेला. आमच्या खिशात परतीचे तिकीट होते. ज्याच्याजवळ परतीचे तिकीट आहे, त्याने आपल्या साधेपणाला तप म्हणू नये, निदान ज्यांच्याजवळ ते नाही त्यांच्या अंगणात बसून म्हणू नये, असे आता आम्हांला वाटते.

ह्यावर पहिला आक्षेप येतो तो व्यवहाराचा. आमच्यापैकीच एकाने तो त्या रात्री काढला. मासी राजीखुशीने तयार झाली होती. खोप रिकामी राहिली असती तर तिला काहीच मिळाले नसते; साडेचारशे हे शून्याहून अधिकच आहेत. मग अन्याय तो कोठे झाला? हा युक्तिवाद खोटा नाही, पण तो अपुरा आहे. दोन माणसांत सौदा होतो तेव्हा दोघांची संमती एकाच तोलाची असते असे नाही. आम्ही पुढच्या घरी जाऊ शकत होतो. ती दुसरे गिऱ्हाईक कोठून आणणार? तिच्या होकारात जेवढी खुशी होती, तेवढीच अडचणही होती. अडचणीतून आलेला होकार कायद्याला पुरतो. धर्माला तो पुरतो काय, हे आपल्या मनालाच विचारावे लागते. आणि घासाघीस करण्याआधीच आम्हांला ठाऊक होते की, सहाशे रुपये देणे आम्हांला जड नाही. ठाऊक असून कमी केले, तर तो गरजेचा व्यवहार राहत नाही. ती केवळ जिंकण्याची हौस होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मग काय श्रीमंतांनीच प्रवास करावा? मोठ्या हॉटेलात उतरणारा पाहुणा आमच्याहून कितीतरी अधिक पाणी सांडतो, आणि तो देतो त्या पैशांतला मोठा वाटा बेटाबाहेरच्या मालकाकडे जातो. आम्ही दिलेले साडेचारशे निदान मासीच्या पदरात तरी पडले. हे आम्ही मान्य करतो, आणि म्हणूनच साधेपणाने हिंडणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. गरिबाला देश पाहण्याचा हक्क नाही असे आपल्या परंपरेनेही कधी म्हटलेले नाही. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचे माहात्म्य सांगताना हाच विचार आहे: यज्ञाला विपुल द्रव्य आणि साहित्य लागते, ते दरिद्री माणसाच्या आवाक्यातले नव्हे, तीर्थयात्रा मात्र त्यालाही करता येते, आणि तिचे फळ यज्ञाहूनही अधिक आहे. थोड्या पैशांत चालत निघालेला माणूस आपल्याकडे पूर्वीपासून आदराचा विषय आहे.

परंतु त्याच ठिकाणी यात्रेचे फळ कोणाला मिळते हेही सांगितले आहे. ज्याचे हात, पाय आणि मन संयमात आहेत, जो मिळेल त्यात संतुष्ट आहे आणि प्रतिग्रहापासून, म्हणजे दुसऱ्याकडून घेण्यापासून, जो दूर राहतो, त्यालाच ते मिळते. गरीब यात्रेकरूवर घातलेली ही अट विचार करण्याजोगी आहे. तुझ्याजवळ थोडे आहे म्हणून तू थोडक्यात भागव. पण तुझ्याजवळ थोडे आहे म्हणून दुसऱ्याचे घेऊ नकोस. आम्ही एवढे वाचलेले होते, तरी मासीच्या दारात ते आठवले नाही. कारण उघड आहे. कोणी हातावर काही ठेवले तर तो प्रतिग्रह, हे आपल्याला कळते. दुसऱ्याच्या श्रमाची किंमत कमी करून घेणे हाही प्रतिग्रहच आहे, हे चटकन कळत नाही. दीडशे रुपये मासीनेच रोज आमच्या हातावर ठेवले होते, आणि आम्ही ते खुशाल घेतले होते.

पतंजलींनी जे पाच यम सांगितले त्यांत अहिंसा आणि सत्य यांच्यानंतर अस्तेय येते. अपरिग्रह सर्वांत शेवटी येतो. ह्या क्रमावर मोठा सिद्धांत उभारण्याचा आमचा अधिकार नाही. पण सामान्य संसारी माणसाला त्यातून एक बोध घेता येतो: चोरी न करणे आधी, संग्रह न करणे नंतर. पहिले साधल्याशिवाय दुसऱ्याची प्रौढी मिरवू नये. आमच्या हातून नेमके उलटे झाले होते. पाठीवर वस्तू थोड्या होत्या, म्हणून आम्ही अपरिग्रही ठरलो होतो. आणि दोन बायकांच्या पहाटेच्या चार खेपा आमच्या हिशेबात कोठेच नव्हत्या.

पैशाच्या हिशेबात न येणारी आणखी एक गोष्ट त्याच आठवड्यात घडली. लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर लाटांनी कोरलेली दगडाची एक नैसर्गिक कमान आहे. ओहोटीला पाणी दूर सरले की तेथपर्यंत जाता येते. वाटेत खडकांच्या खळग्यांत पाणी साचते आणि त्यात लहान मासे, समुद्रकाकडी, प्रवाळ दिसतात. गावातल्या एका तरुणाने आम्हांला बजावले होते की, उघड्या खडकावर किंवा वाळूवरच पाय ठेवा. आमच्यापैकी एकाचा पाय तरीही घसरला आणि पाण्यात काहीतरी कडकन मोडले. तो प्रवाळाचा एक फाटा होता. फांद्यांसारखे वाढणारे प्रवाळही वर्षाला काही सेंटिमीटरच वाढतात. संथ वाढणाऱ्या जातींची गोष्टच सोडा. म्हणजे एका पावलासरशी काही वर्षे मोडली. प्रवाळाला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, तो उचलून नेला तर शिक्षा आहे. पण पावलाखाली मोडला तर कोण कोणाला विचारणार? स्वस्तात राहणाऱ्याचा पाय महागात राहणाऱ्याच्या पायाहून हलका पडत नाही. आम्ही कमी खर्च केला, एवढ्यावरून आम्ही कमी नुकसान केले असे ठरत नाही. त्या दिवशी वहीत कमानीच्या फेरीचा खर्च आम्ही 'काही नाही' असा लिहिला होता.

मग काटकसरीला सद्गुण केव्हा म्हणावे? ह्याचे उत्तर आम्हांला भरतपूरच्या किनाऱ्यावर, समुद्री मोहाच्या सावलीत बसलेले असताना सुचले, आणि ते त्या गावाच्या नावातच होते. रामाचा वनवास आपल्या सर्वांच्या तोंडी असतो. भरताने नंदिग्रामात काढलेल्या चौदा वर्षांकडे आपले तेवढे लक्ष जात नाही. रामाला वनात जावे लागले. भरताला मात्र राजवाडा मोकळा होता. तरीही तो जटा-वल्कले धारण करून राहिला आणि सिंहासनावर पादुका ठेवून त्याने राज्य केवळ ठेव म्हणून सांभाळले. त्याची काटकसर प्रजेच्या अन्नावर नव्हती, सेवकांच्या वेतनावर नव्हती. ती केवळ स्वतःच्या देहाच्या सुखावर होती. आणि राम परत आला तेव्हा भरताने कोश आणि कोठारे दसपट वाढवून त्याच्या स्वाधीन केली, असे वाल्मीकींनी सांगितले आहे. आपल्यासाठी कमी, आणि ज्याचे आहे त्याला अधिक. काटकसरीची ह्याहून नेमकी कसोटी आम्हांला तरी ठाऊक नाही. जी कात्री आपल्या गरजेवर चालते तिला संयम म्हणावे. जी दुसऱ्याच्या मोबदल्यावर चालते तिला लोभच म्हणावे, मग तिने वल्कले का नेसलेली असेनात!

हा विचार आपल्या वाचकांपुढे मांडण्याचे आणखी एक कारण आहे. पाठीवर सॅक घेऊन आलेला पाहुणा आपल्या गोव्याला नवा नाही. 1960नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून कळंगूट, हणजूण आणि पुढे हरमल येथल्या किनाऱ्यांनी असे पाहुणे पाहिले. थोडक्यात राहणारे, महिनोन्‌महिने मुक्काम करणारे, संसाराचा मोह सोडल्याचे सांगणारे. आपल्या अंगणातल्या विहिरीवर ते कसे वागले, भाड्यासाठी किती अडून बसले, आणि आपल्या गरिबीला ते कसे निसर्गाच्या सान्निध्यातले सुखी जीवन म्हणत, ह्याच्या गोष्टी आपल्यात अजून सांगितल्या जातात. आम्हीही त्या चवीने सांगत आलो आहो. यजमान म्हणून जे आम्हांला बोचले होते, पाहुणे होताच आम्ही तेच केले. फरक इतकाच की, त्यांच्या तोंडी निर्वाण होते आणि आमच्या तोंडी अपरिग्रह.

येथे कोणी विचारील की, आपल्या देवस्थानांच्या अग्रशाळांतही यात्रेकरू अल्प खर्चात राहतातच. तोही दोष समजावा काय? मुळीच नाही. पण दोन्हींतला भेद ओळखला पाहिजे. अग्रशाळेतली खोली स्वस्त असते, कारण तिची किंमत कोणीतरी आधीच आपण होऊन दिलेली असते. कोणा महाजनाने दगड-चुन्याला पैसे दिले, कोणा कुळाव्याने नवस फेडताना खोली बांधून दिली. ती स्वस्ताई दानातून आलेली आहे, आणि तेथे राहणारा भक्त देवापुढच्या पेटीत यथाशक्ति काही ठेवतो, तेव्हा ते दान पुढच्या भक्ताकडे वाहते. मासीच्या खोपीची स्वस्ताई कोणी दान केलेली नव्हती. ती आम्ही पिळून काढली होती. प्रत्येक स्वस्त वस्तूमागे कोणीतरी बाकीची किंमत भरीत असतो. त्याने ती खुशीने भरली की त्याच्याकडून ती भरून घेतली, एवढेच पाहावयाचे असते.

आणि अग्रशाळा तरी कोणाच्या? ज्या देवांना एके काळी स्वतःचे स्थान सोडावे लागले त्यांच्याच पुष्कळशा आहेत. 1560च्या सुमारास श्रीमंगेश कुशस्थळीहून खाडी ओलांडून प्रियोळला आले. दिवाडीच्या सप्तकोटेश्वराला पलीकडच्या तीरावर नार्व्यास आसरा मिळाला आणि 1668 साली शिवाजीमहाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. रात्रीच्या अंधारात देव घेऊन निघालेल्या माणसांचे आपण वंशज आहो. त्यांना परक्या गावात कोणीतरी जागा दिली, पाणी दिले. घर गमावून समुद्रापलीकडच्या बेटावर नवे घर मांडणारी मासी आपल्याला परकी वाटू नये. कोंकणीत पाहुण्याला सोयरो म्हणतात, आणि नातलगालाही सोयरोच म्हणतात. हा शब्द यजमानावर बंधन घालतो, तसे पाहुण्यावरही घालतो. नातलगाच्या घरचे पाणी कोणी मोजत नाही, हे खरे. पण नातलगाच्या घरचे पाणी कोणी उधळीतही नाही.

राहिलेले दिवस आम्ही एका बादलीत स्नान केले आणि पहाटेच्या खेपांना आम्हीही डबे उचलले. मासीला ते आवडले असे नाही. पाहुण्यांनी पाणी वाहावे हे तिला लाजिरवाणे वाटत होते, आणि आमच्या हातून वाटेत बरेच सांडतही होते. निघण्याच्या दिवशी आम्ही तिच्या हाती सात दिवसांचे बेचाळीसशे रुपये ठेवले. सहाशेप्रमाणे हिशेब केला आहे, असे सांगितले. तिने नोटा मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या, पदराच्या गाठीत बांधल्या, आणि "बोटीची वेळ होईल" असे म्हणून ती खोप झाडावयाला गेली. तिने आभार मानले नाहीत. धक्क्याकडे चालताना आमच्यापैकी कोणी बराच वेळ बोलले नाही. तिने काहीतरी म्हणावे, निदान चेहऱ्यावर आश्चर्य तरी दिसावे, अशी आमची अपेक्षा होती, हे आमच्या तेव्हा ध्यानात आले. तिने मात्र बरोबर ओळखले होते. ते दान नव्हते. तिचेच पैसे उशिरा तिच्याकडे परत आले होते. सावकाराने फेडलेल्या ऋणाबद्दल ऋणकोचे आभार मानावे, असा कोठला रिवाज आहे?

आपल्या वाचकांपैकी कित्येक जण सुट्टीत मुलाबाळांसह बाहेर पडतील. कोणी यात्रेला, कोणी समुद्रावर, कोणी डोंगरात. जरूर पडावे, आणि साधेपणानेच पडावे. दोन जोड कपड्यांत भागते, पायी चालल्याने गाव कळते, मोटारीहून सॅक बरी, हे आम्ही अनुभवाने सांगतो. मात्र खर्च कमी करताना प्रत्येक वेळी एक प्रश्न स्वतःस विचारावा: हे जे मी वाचवले, ते माझ्या गरजेतून वाचवले की कोणाच्या मोबदल्यातून? पहिले असेल तर निश्चिंतपणे खिशात ठेवावे. दुसरे असेल तर उतरण्यापूर्वीच देऊन टाकावे, म्हणजे आमच्याप्रमाणे पहाटे उठून शिकण्याची वेळ येणार नाही.

वही आम्ही अजून ठेवली आहे. तिच्यात मासीच्या खेपा लिहिण्याचा आम्ही एकदा प्रयत्न केला. पण त्यांचा दर काय धरावा ह्यावर आमच्या तिघांचे अद्याप एकमत झालेले नाही.